मोहरीएवढ्या रेझिस्टरला डाग देताना

कल्हईवाल्याचं काम जवळून पाहिलंय कधी? भांडं भट्टीवर तापतं, तो त्यात नवसागराची चिमूट टाकतो, भस्सकन पांढरा धूर उठतो आणि मग कथलाची कांडी नुसती टेकवून कापसाचा बोळा फिरवला की काळवंडलेल्या तांब्यावर चांदीसारखा थर पसरत जातो. कथील तो थापत नाही. तांबं गरम आणि स्वच्छ असलं की कथील आपणहून धावतं, आणि तांबं स्वच्छ करायचं काम नवसागराचं.

सर्किट बोर्डावरचं सोल्डरिंग हाच प्रकार, फक्त सूक्ष्म. भट्टीच्या जागी आयर्न, म्हणजे डाग द्यायचं तापणारं हत्यार, कथलाच्या जागी कथील-शिशाची तार, म्हणजे सोल्डर, आणि नवसागराच्या जागी फ्लक्स. "माझा हात थरथरतो, मला एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठावरच डागायचे बारीक भाग) जमणार नाही" असं मला बरेच जण सांगतात. हात माझाही थरथरतो, चहानंतर जास्तच. पण वितळलेला सोल्डर बोर्डावरच्या हिरव्या लेपाला, म्हणजे मास्कला, चिकटत नाही, तो फक्त पॅडवर (भाग बसवायची धातूची उघडी जागा) आणि भागाच्या पायावर चढतो. फ्लक्स भरपूर असला तर पृष्ठताणामुळे तो स्वतःच योग्य जागी गोळा होतो आणि थोडा वाकडा बसलेला लहान भाग सरळसुद्धा करतो. तुम्ही फक्त उष्णता पोहोचवायची. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, आणि फ्लक्सच्या बाबतीत कंजूषपणा करू नका.

आकार ओळखा

एसएमडी रेझिस्टर-कपॅसिटरचे आकार चार आकड्यांनी सांगतात. १२०६ म्हणजे ३.२ गुणिले १.६ मिलिमीटर, तांदळाच्या कणीएवढा. ०८०५ म्हणजे २ गुणिले १.२५, साधारण मोहरी. ०६०३ म्हणजे १.६ गुणिले ०.८, राजगिऱ्याच्या आसपास. ०४०२ म्हणजे १ गुणिले ०.५, ही खसखस. पहिल्या दिवशी १२०६ आणि ०८०५ करा, आठवड्याभराने ०६०३. ०४०२ ला हात घालायची घाई नको. स्वतःचा बोर्ड डिझाइन करत असाल तर जागा असताना उगीच ०४०२ घालूही नका, त्यात कसलाही मोठेपणा नाही.

इथे एक सापळा आहे. हे आकडे इंचांच्या हिशेबाचे आहेत, पण काही ठिकाणी तेच आकडे मिलिमीटरच्या हिशेबानेही लिहितात. मेट्रिक ०६०३ म्हणजे ०.६ गुणिले ०.३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या ०६०३ च्या जवळजवळ एक-तृतीयांश लांबी. ऑर्डर देताना मिलिमीटरमधलं माप वाचूनच पैसे भरा. नाहीतर पाकीट उघडल्यावर आत धूळ आलीय असं वाटेल.

सरावासाठी सगळ्यात बरं म्हणजे पळत्या दिव्यांचं सराव-किट. त्यात एक ५५५ टायमर (ठोके देणारी चिप), एक ४०१७ काउंटर (ते ठोके मोजून एकेक दिवा लावणारी चिप), दहा एलईडी आणि वेगवेगळ्या आकारांचे पुष्कळ रेझिस्टर असतात. बिघडलं तरी मन खट्टू होत नाही, आणि जमलं तर दिवे पळताना दिसतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, नाहीतर घरबसल्या ऑनलाइन मागवता येतं.

काय घ्यायचं, काय नाही

आयर्न तापमान ठरवता येणारंच घ्या. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं २५ वॅटचं साधं आयर्न वायरी जोडायला उत्तम, त्यावर एसएमडी करणारे जुने कारागीरही आहेत, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. टी-१२ पद्धतीच्या टिपा (आयर्नची बदलता येणारी टोकं) घेणारं सोल्डरिंग स्टेशन आता आवाक्यात आलंय. प्लग तीन पिनांचा हवा आणि घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का हे एकदा तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर टिपेवर गळतीचा व्होल्टेज येतो आणि आयसीचा, म्हणजे चिपचा, जीव त्यात जाऊ शकतो.

टीप निवडताना जवळपास सगळेच चुकतात, मीही चुकलो होतो. भाग बारीक म्हणून टीपही सुईसारखी घ्यायची असं वाटतं. पण सुईच्या टोकाचा स्पर्श एका बिंदूपुरता, त्यातून उष्णता पुढे जातच नाही. मग माणूस तापमान ४२० अंशांवर नेतो, टीप काळी पडते आणि पॅड उखडतं. दीड ते अडीच मिलिमीटर रुंदीची, पेचकसासारखी चपटी टीप घ्या. तिची कड पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकते. टी-१२ मध्ये डी-१६ किंवा डी-२४ मागा. पुढे जवळजवळ पाय असलेल्या आयसीसाठी तिरकी कापलेली किंवा सुरीसारखी टीप सोयीची पडते.

तार ०.५ मिलिमीटर जाडीची, ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली, आत राळेचा फ्लक्स भरलेली. ६३/३७ चाच हट्ट का? हे मिश्रण बरोबर १८३ अंशांना वितळतं आणि त्याच तापमानाला गोठतं. ६०/४० गोठताना काही अंशांपुरतं लापशीसारखं राहतं, आणि त्या क्षणी हात हलला की जोड आतून भुसभुशीत होतो. शिसेविरहित तार २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि कमी चमकते, म्हणून शिकताना जोड चांगला झाला की नाही हे कळत नाही. शिसं वापरताना मात्र पथ्य पाळा. काम चालू असताना खायचं-प्यायचं नाही, तार तोंडात धरायची नाही, उठल्यावर साबणाने हात धुवायचे. लहान मुलं असतील तर जेवणाचं टेबल वापरू नका.

फ्लक्स सिरिंजमधला, जेलीसारखा, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा. एकदा मी दुकानातून 'सोल्डर पेस्ट' म्हणून मिळाली ती डबी न वाचता घेतली. ती पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट होती. सोल्डर झकास धावला, मी खूश. दोन पावसाळ्यांनंतर बोर्ड उघडला तर तांब्याच्या रेघा हिरव्या पडून कुरतडल्या होत्या. झिंक क्लोराइड किंवा नवसागर असलेलं काहीही बोर्डाजवळ आणायचं नाही. कल्हईची उपमा तेवढ्यापुरतीच.

उरलेलं सामान असं: बारीक टोकाचा, चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टीलचा चिमटा. साधा चिमटा चुंबकीय झाला की कपॅसिटर त्यालाच लटकून राहतो, कारण त्याच्या टोकांवर निकेलचा थर असतो. तांब्याच्या तारेची विणलेली पट्टी, म्हणजे विक, दोन मिलिमीटर रुंद. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. टीप पुसायला पितळी काथ्या. ओल्या स्पंजनेही चालतं, पण टीप दर वेळी थंड पडते. एक मल्टिमीटर. आणि भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहापट भिंग तपासणीला छान, काम करताना मात्र डोक्याला बांधायचं तीनपट-चारपट बरं पडतं. फोनचा कॅमेरा मोठा करूनही जोड तपासता येतो, मी आजही तसंच करतो.

टेबल

पंखा बंद. घामाने जीव गेला तरी बंद. छताचा पंखा ०६०३ चा कपॅसिटर उडवतो, जोड अर्धवट थंड करतो आणि धूर थेट नाकाकडे वळवतो. त्याऐवजी खिडकीकडे तोंड करून एक छोटा पंखा असा ठेवा की तो धूर तुमच्यापासून बाहेर ओढेल. हा धूर शिशाचा नसतो, साडेतीनशे अंशांना शिशाची वाफ होत नाही. तो जळालेल्या राळेचा असतो. पण म्हणून तो निरुपद्रवी नाही, सतत हुंगला तर दमा जडू शकतो.

बोर्ड स्टीलच्या परातीत किंवा काठाच्या ट्रेमध्ये, पांढऱ्या कागदावर ठेवा. चिमट्यातून भाग सटकणारच, आणि सटकला की टणकन उडतो. परातीचा काठ त्याला अडवतो. गालिच्यावर पडलेला ०६०३ शोधण्यापेक्षा नवीन घेतलेला स्वस्त. बोर्ड हलू नये म्हणून खाली दुहेरी चिकटपट्टी लावा.

आता हात. मेंदी काढणाऱ्या मुलीची करंगळी बघा, ती कायम टेकलेली असते. तसंच इथे. दोन्ही मनगटं टेबलावर, करंगळी ट्रेच्या काठावर किंवा बोर्डाशेजारी. हवेत तरंगणारा हात कोणाचाच स्थिर नसतो.

स्थिर विजेचं भय पावसाळ्यात कमी असतं. पण डिसेंबरात पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट होतं, तेव्हा सुती कपडे घाला, मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावा आणि आयसी शेवटपर्यंत पाकिटातच राहू द्या.

पहिला रेझिस्टर

आयर्न ३३० अंशांवर ठेवा. तापलं की टिपेला तार टेकवून तिला कल्हई करा. टोक चांदीसारखं चकचकीत दिसायला हवं. काळं दिसत असेल तर काथ्यात खुपसून पुन्हा तार लावा. काळ्या टिपेतून उष्णता जात नाही, तापमान वाढवून उपयोग नाही.

दोन्ही पॅडवर फ्लक्सचा ठिपका द्या. उजव्या हाताने काम करत असाल तर उजव्या पॅडवर थोडासा सोल्डर चढवा, अगदी पातळ उंचवटा होईल इतकाच. डाव्या पॅडला अजून हात लावायचा नाही. नवखे दोन्ही पॅडवर आधीच सोल्डर चढवतात आणि मग रेझिस्टर दोन टेकड्यांवर ठेवलेल्या फळीसारखा डुगडुगतो.

डाव्या हातात चिमटा, त्यात रेझिस्टर, आकडे वर. उजव्या हातातल्या आयर्नने उजव्या पॅडवरचा सोल्डर वितळवा आणि तो वितळलेला असतानाच रेझिस्टर बाजूने आत सरकवा. वरून दाबू नका. बसला की आयर्न काढा, पण चिमटा सोडू नका. मनात दोन अंक मोजा, मग सोडा. आयर्नबरोबर चिमटाही उचलायचा मोह सगळ्यांना होतो, आणि रेझिस्टर चिमट्यासोबत वर येतो.

आता भिंगातून बघा. बोर्डाला चिकटलाय? सरळ आहे? नसेल तर तोच एक जोड पुन्हा वितळवून नीट करा. एकच टोक अडकलेलं असेपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. मग डावं टोक: टिपेची कड पॅड आणि रेझिस्टर दोघांना टेकवा, एका सेकंदाने तार लावा, तार काढा, मग आयर्न काढा. शेवटी पहिल्या टोकाकडे परत या, फ्लक्सचा ठिपका द्या आणि नुसतं टेकवा. त्याचा फ्लक्स मघाशीच जळून गेलेला असतो, म्हणून तो जोड खडबडीत दिसतो. नवा फ्लक्स मिळाला की चकाकतो.

चांगला जोड आतल्या बाजूला वळलेल्या उतारासारखा दिसतो, पॅडच्या कडेपासून भागाच्या माथ्याकडे चढत गेलेला. बुंदीसारखा गोल फुगीर दिसला तर सोल्डर जास्त झालाय, किंवा तो पॅडला धरलेलाच नाही.

रेझिस्टरवरचे आकडे वाचणं सोपं आहे. १०३ म्हणजे १० आणि पुढे तीन शून्यं, म्हणजे १० किलोओहम. ४७२ म्हणजे ४.७ किलोओहम. चार आकडे असतील तर पहिले तीन अंक आणि चौथा शून्यांची संख्या. सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र काहीच छापलेलं नसतं. दोन वेगवेगळ्या क्षमतांचे कपॅसिटर ताटात मिसळले की डोळ्यांनी ओळखणं अशक्य, म्हणून एका वेळी भागांची एकच पट्टी उघडा आणि ते सगळे लावून मगच दुसरी. या कपॅसिटरच्या अंगाला टीप लावून दाबू नका. अचानक उष्णतेने त्याला आत तडा जातो, तो बाहेरून दिसत नाही आणि पुढे कधीतरी शॉर्ट होतो.

एलईडीची दिशा खुणेवर विश्वासून ठरवू नका. खालचा हिरवा त्रिकोण किंवा रेघ कुठल्या टोकाची हे उत्पादकाप्रमाणे बदलतं. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, त्याच्या तारांची टोकं, म्हणजे प्रोब, टेकवा. तो मिणमिणला की लाल प्रोबकडचं टोक धन. साध्या डायोडवर पट्टी ऋण टोकाला असते, टँटलम कपॅसिटरवर पट्टी धन टोकाला आणि ॲल्युमिनियमच्या गोल कपॅसिटरवर काळा भाग ऋण बाजूला. हा गोंधळ कोणी घातला कोण जाणे, पण टँटलम उलटा लागला तर पेट घेतो, म्हणून तो तीनदा तपासा.

आयसी: आधी कोपरे

५५५ चे आठ पाय आणि ४०१७ चे सोळा, दोन पायांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर. हे दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. आधी पहिला पाय शोधा: आयसीवरचा ठिपका किंवा खाच आणि बोर्डावरची खूण जुळवा. कोपऱ्यातल्या एका पॅडवर थोडा सोल्डर चढवा, रेझिस्टरसारखंच आयसी सरकवून तो एक पाय अडकवा. आता दोन्ही बाजूंनी बघा, सगळे पाय आपापल्या पॅडवर बरोबर मध्ये आलेत का. जरासुद्धा तिरका असेल तर आत्ताच सरळ करा. मग समोरच्या तिरक्या कोपऱ्यातला पाय अडकवा. दोन कोपरे धरले की आयसी कुठे जात नाही. पुढे फ्लक्स फासा आणि एकेक पाय करत जा.

दोन पाय सोल्डरने जोडले गेले, ज्याला ब्रिज म्हणतात, तर घाबरू नका. फ्लक्स द्या, टीप पुसून स्वच्छ करा आणि दोन पायांच्या मधून बाहेरच्या दिशेने ओढा. जादा सोल्डर टिपेबरोबर येतो. नाहीच आला तर विक ठेवून तिच्यावरून टीप टेकवा. सोल्डर विकमध्ये चढला की विक आणि टीप एकदमच उचला. विक तिथेच गोठू दिली आणि मग ओढली तर पॅड तिच्यासोबत निघून येतं. हे माझ्या हातून झालंय, एकदा नाही.

मायक्रोकंट्रोलरचे (प्रोग्राम चालवणाऱ्या चिपचे) पाय बरेचदा अर्ध्या मिलिमीटरवर असतात. तिथे एकेक पाय करायच्या फंदात पडायचं नाही. दोन विरुद्ध कोपरे अडकवा, जुळवणीवर सगळा वेळ घालवा, पायांच्या रांगेवर फ्लक्सची जाड रेघ ओढा, तिरक्या टिपेवर सोल्डरचा छोटा थेंब घ्या आणि रांगेवरून तो सावकाश, एका दमात ओढत न्या. प्रत्येक पाय आपल्याला हवा तेवढा सोल्डर घेतो आणि उरलेला थेंब पुढे जातो. शेवटच्या दोन-तीन पायांवर ब्रिज होतोच, तो विकने काढा. पहिल्यांदा हे जमताना बघून मी टाळी वाजवली होती. फ्लक्स सुकला की मात्र तोच थेंब चार पाय एकत्र गिळून बसतो.

ज्या आयसीच्या पोटाखाली मोठं धातूचं पॅड असतं, किंवा ज्यांचे सगळे जोड खालीच गोळ्यांच्या रूपात असतात, ते आयर्नचं काम नाही. त्याला गरम हवा किंवा तापणारी पाटी लागते. सध्या त्यांच्या वाटेला जाऊ नका.

चुकीचा लागलेला रेझिस्टर काढायला दोन आयर्न लागत नाहीत. दोन्ही टोकं झाकली जातील इतका सोल्डर वरून घाला. आता एकाच टिपेने दोन्ही टोकं वितळलेली राहतात, रेझिस्टर बाजूला ढकला आणि पॅड विकने साफ करा. काढलेला रेझिस्टर फेकून द्या, तो वाचवण्यात अर्थ नाही.

वीज देण्याआधी

अल्कोहोलमध्ये टूथब्रश बुडवून बोर्ड घासा आणि विरघळलेला फ्लक्स कापडाने टिपून घ्या. नुसता ब्रश फिरवला तर चिकटा इकडचा तिकडे होतो. आयर्न आधी बंद करा, अल्कोहोल पेटतो. डबीवर 'स्वच्छ करायची गरज नाही' असं लिहिलं असलं तरी धुवाच. सिरिंजमधला फ्लक्स हाताने फासला की त्यातला बराचसा पुरेसा तापतच नाही.

मग मल्टिमीटर बीपवर ठेवून धन आणि ऋण यांच्यात शॉर्ट नाही ना ते बघा. क्षणभर बीप वाजून थांबली तर ते कपॅसिटरचं चार्जिंग, सतत वाजली तर ब्रिज. आयसीच्या शेजारच्या पायांमध्येही तपासा, पण आधी सर्किटचा नकाशा बघा. काही पाय मुळातच जोडलेले असतात, आणि नसलेला ब्रिज शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

पहिल्यांदा वीज देताना, किटला ९ व्होल्ट चालतात हे पत्रकात बघून, ९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि तिच्या वाटेत २२० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर मालिकेत ठेवा. कुठे शॉर्ट असला तरी ४० मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह जाईल आणि काही जळणार नाही. दिवे पळायला लागले की तो रेझिस्टर काढा.

पळालेच नाहीत तर क्रमाने बघा. ५५५ च्या आठव्या पायावर व्होल्टेज आहे का, आणि चौथ्यावरही? चौथ्या पायावर व्होल्टेज नसेल तर टायमर झोपलेलाच राहतो. तिसऱ्या पायावर मल्टिमीटरचा आकडा वरखाली होतोय का? होत असेल तर टायमर बरा आहे, मग ४०१७ च्या चौदाव्या पायापर्यंत तेच पोहोचतंय का पाहा. तेरावा आणि पंधरावा पाय शून्याजवळ हवेत, यातला एक जरी अधांतरी राहिला तरी दिवा एका जागी अडकतो किंवा कसाही उड्या मारतो. आणि नऊ दिवे पळताहेत, एकाच्या पाळीला नुसता अंधार, असं असेल तर तो एलईडी उलटा लागलाय किंवा ४०१७ चा तो पाय पॅडवर नुसता टेकलाय. चिमट्याच्या टोकाने पाय हलकेच दाबून बघा. दिवा लागला तर फ्लक्सचा एक ठिपका आणि दोन सेकंद आयर्न, एवढंच काम उरलंय.